दोन जिवंत माणसं

“भामाताई, पाटावर बसलात की देवाचीसुद्धा बाजू घ्यायची नाही. तिथं फक्त उलटं बोलायचं. उठल्यावर मग खुशाल हात जोडा.”

कॉम्रेड रघुवीर लोखंडे यांचं हे बोलणं अजून माझ्या कानात आहे. ‘खुशाल’वर जरा टेकून बोललेलं, आणि मागोमाग आलेला खोकला. नाव रघुवीर, आणि जन्मभर देव नाही म्हणून सांगत फिरले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, युनियनचे पुढारी होते. मी तेव्हा सोंडवाडीच्या पंचायतीत नवी सदस्य होते. सभेपुढे महादेवाच्या शिखराच्या दुरुस्तीचा ठराव होता आणि पाटावर बसायची पाळी नेमकी माझी आली होती. शिखराच्या विरुद्ध बोलायला माझी जीभ उचलेना. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांनी शेजारी वाकून हे सांगितलं.

आमच्या ग्रामसभेची ही एक चाल होती. कोणी पाडली ते आता कोणालाच आठवत नाही. सरपंचांच्या खुर्चीसमोर एक लाकडी पाट मांडायचा. जो ठराव येईल त्याच्या विरुद्ध पाळीपाळीनं एकानं त्या पाटावर बसून बोलायचंच, मग ठराव मनातून कितीही पटलेला असो. खोट काढायची, नुकसान सांगायचं, ठराव मांडणाऱ्याला घाम फोडायचा. आणि पाटावरचं बोलणं पाटावरच ठेवायचं. घरी जाऊन कोणी त्याचा राग धरायचा नाही, पाटावरचं आहे म्हटलं की विषय संपला. मग तडजोड व्हायची. कॉम्रेड म्हणायचे, “तडजोड म्हणजे दोघांनीही थोडं उपाशी उठायचं, पण एकाच पंगतीतून.”

मी त्या दिवशी देवाच्या विरुद्ध बोलले. शिखर चांगलं आहे, आधी पायऱ्या करा, म्हाताऱ्या माणसांचे पाय मोडतात, असं म्हटलं. पायऱ्या झाल्या. शिखर पुढच्या वर्षी झालं.

हे सगळं समेट येण्याच्या आधीचं.

*

समेट म्हणजे काय ते नव्या मुलांना सांगावं लागत नाही, कारण त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही. पण आम्हाला ते पंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लावून समजावलं होतं. गावातल्या प्रत्येक माणसाचं एक ‘प्रतिमत’ तयार करायचं. तो माणूस आजवर काय बोलला, कशावर चिडला, काय घेतलं, काय नाकारलं, जुन्या सभांच्या चित्रफितींत कोणत्या बाजूला बसला, हे सगळं यंत्राला शिकवायचं. वर एक लांबलचक मुलाखत घ्यायची. मग यंत्राला त्या माणसाचा अंदाज बांधता येतो: अमुक विचारलं तर हा माणूस काय म्हणेल, किती ताणून धरेल, कुठं सोडून देईल.

पुढं गावापुढे प्रश्न आला की माणसांना बोलवायची गरज नाही. त्यांची प्रतिमतं आत बसतात. एक मागतं, दुसरं अडतं, तिसरं मधला मार्ग सुचवतं. आपण चहाचा कप संपवेपर्यंत त्यांच्या हजारो बैठका झालेल्या असतात. त्यातून समेट असा तोडगा निवडतं की गावात सर्वांत जास्त नाराज होणारा माणूससुद्धा कमीत कमी नाराज व्हावा. तोडगा फोनवर येतो. हरकत असली तर कळवायची. कोणी कळवत नाही.

सुरुवातीला किती बरं वाटलं! भांडणं नाहीत, गट नाहीत, निवडणुकीत डोकी फुटणं नाही. रस्ते झाले, दिवे आले. मी देवापुढं साखर ठेवली होती.

मग हळूहळू पंचायतीसमोरचा कट्टा रिकामा झाला. तिथली चहाची टपरी बंद पडली. भांडायला येणारीच माणसं चहा पीत होती. सणावाराला लोक भेटतात, नमस्कार करतात, बरं आहे ना म्हणतात. बरंच असतं. कोणाचं कोणाकडे काही अडत नाही.

माझा एक नेम आहे. सकाळी उठल्यापासून पूजा होईपर्यंत मौन. तळ्यावर जायचं, तांब्याभर पाणी आणायचं, महादेवाला घालायचं, जप करायचा आणि मग बोलायचं. पूर्वी जप संपायच्या सुमाराला कॉम्रेड दारात हजर असत. “सोडा मौन, ताई. काल तुम्ही चुकीचं बोललात.” आणि भांडणानं दिवस सुरू होई. यजमान होते तोवर ते आतून हसत. मुलगी मंजिरी म्हणायची, आईचं मौन म्हणजे तोफेत दारू भरणं.

यजमान गेले. मंजिरी नाशिकला गेली. गेल्या पौषात कॉम्रेडही गेले. मौन सोडायला समोर कोणीतरी लागतं, हे मला तेव्हा कळलं. काही दिवस तर संध्याकाळी दिवा लावताना लक्षात येई की आपण सकाळपासून बोललोच नाही.

*

चैत्रात तळ्याचा निकाल आला.

आमचं तळं पावसात भरतं आणि होळीनंतर मोरी उघडून रिकामं करतात. तळाचा गाळ सुकला की कुंभारआळी माती काढायला उतरते. ती माती वर्षभर पुरते. उन्हाळ्यात मला नळाचं पाणी महादेवाला घालावं लागतं. खालच्या आळीच्या विहिरीही आटतात, बगळे उडून जातात, आणि भेगाळलेल्या तळ्याकडे पाहून मला दरवर्षी भडभडून येतं. तळं बारमाही भरलेलं पाहावं ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा. उपसा योजनेचं पाणी गावापर्यंत आलं, आणि ती इच्छा शक्य झाली.

फोन गोड आवाजात म्हणाला, “सत्यभामा जाधव, अभिनंदन. आपल्या प्रतिमतानं मांडलेला बारमाही तळ्याचा प्रस्ताव मान्य झाला आहे. अक्षय्य तृतीयेला पाणी सोडलं जाईल. कुंभार कुटुंबांना दरवर्षी बाहेरून ट्रकनं माती पुरवली जाईल. विरोध: नाही.”

मी शिरा केला. महादेवाला नैवेद्य दाखवला. वाटी झाकून बाहेर आले, आणि दारात उभी राहिले. कोणाला देणार? मंजिरीला फोन लावला.

“आई, किती छान! तुझं ऐकलं सगळ्यांनी.”

“ऐकलं गं. पण मी बोललेच नव्हते.”

“तेच तर! न बोलता झालं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही म्हणत नाही. लागली. पण सकाळी जप करताना माळ हातात थांबली. विरोध नाही, हे शब्द मनातून जाईनात. कुंभारआळी एवढी मोठी, आणि एकाचाही विरोध नाही? माझ्या मनासारखं झालं होतं, म्हणूनच मला भीती वाटली. कॉम्रेड असते तर दारात येऊन म्हणाले असते, “ताई, एवढं सोपं मिळालं म्हणजे कोणाच्या तरी पानातलं उचललंय.”

मला त्यांच्याशी भांडायचं होतं. आणि गावात एक जागा होती जिथं ते शक्य होतं.

*

समेट केंद्रात केतकी नावाची मुलगी बसते. जिल्ह्याहून आली आहे, मला आजी म्हणते, स्वभावानं गुणी. गेलेल्या माणसाचं प्रतिमत निर्णयात धरत नाहीत, पण वर्षभर जपून ठेवतात. घरच्यांना बोलावंसं वाटलं तर बोलता येतं. कॉम्रेडांना घरचं कोणी नव्हतं. त्यांनी त्या जागी माझं नाव सांगून ठेवलं होतं, हे मला केतकीकडून कळलं.

“आजी, रडायचं नाही हं,” ती म्हणाली. “बहुतेक जण रडतात.”

“मी भांडायला आलेय, बाळ.”

पडद्यावर चेहरा नव्हता, नुसता आवाज. पण आवाज अगदी त्यांचाच.

“बोला ताई. तब्येत बरी आहे ना? उपास कमी करा म्हटलं होतं मी.”

मी पदर डोळ्याला लावला. मग म्हटलं, “कॉम्रेड, तळं बारमाही होतंय.”

“ऐकलं. चांगला निर्णय आहे. तुमची फार वर्षांची इच्छा होती.”

“आणि कुंभारांची माती?”

“त्यांची सोय केलेली आहे. सगळ्यांचा विचार झाला आहे.”

मग त्यांना डिवचायचं म्हणून, अगदी मुद्दाम म्हटलं, “महादेवाच्या मनात आलं म्हणून हे झालं. माणसाच्या हातात काय आहे?”

हे ऐकून ते खुर्चीवरून उठले असते. माझ्या हातचा प्रसादाचा लाडू खाताना ‘बेसन छान भाजलंय, देवाचा काही संबंध नाही’ असं बजावणारा हा माणूस.

आवाज म्हणाला, “श्रद्धेचा आदर केला पाहिजे, ताई. तुमचं म्हणणं मला पटतं.”

पौषात त्यांना नेलं तेव्हा मी रडले नव्हते, नामस्मरण करत होते. माझ्या लेखी ते या क्षणी गेले. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले. केतकीनं पाणी आणून दिलं.

“हे ते नाहीत,” मी म्हटलं.

“आजी, अंदाज शंभर टक्के बरोबर नसतो, पण—”

“हे मुळीच ते नाहीत. हा माणूस माझ्याशी कधी सहमत झाला नाही. तुम्ही त्यांचं काय काढून घेतलंत?”

केतकी बिचारी गोंधळली. पण तिनं टाळलं नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि समजावून सांगितलं. यंत्राला शिकवण्याआधी माणसाचं बोलणं गाळून घेतात. चेष्टा, नक्कल, नाटकातली वाक्यं, जे त्याचं स्वतःचं मत नाही ते सगळं बाजूला काढतात, नाहीतर अंदाज चुकतो. दुसरं असं की तोडगा आल्यावर माणूस गप्प बसला, तर यंत्र धरतं की त्याचं समाधान झालं. पुढच्या वेळी त्याचं प्रतिमत जरा लवकर सोडून देतं. लोक पुन्हा गप्प बसतात. ते आणखी मऊ होतं.

“दगड पाण्यात राहून गोटा होतो तसं,” मी म्हटलं.

“हो, तसंच. सगळ्यांचीच प्रतिमतं अशी गुळगुळीत होत चालली आहेत. मी वर कळवलंय. ते म्हणतात, समाधानाचे आकडे तर वाढतायत.”

“आणि गाळताना कॉम्रेडांचं काय गेलं?”

तिनं पडद्यावर काहीतरी पाहिलं. “बरंच गेलं. मुख्य म्हणजे पाटावरचं बोलणं. सगळ्या गावाचं पाटावरचं वगळलंय, आजी. मुलाखतीत ज्याला त्याला विचारलं होतं, आणि प्रत्येकानं एकच सांगितलं, ते मनापासूनचं नसायचं, ती आमची चाल होती.”

खरंच आहे. दुसरं काय सांगणार? गावानं प्रामाणिकपणे सांगितलं आणि यंत्रानं प्रामाणिकपणे ऐकलं.

मी उठले. दारापर्यंत गेले. आणि तिथं मला हौसा आठवली.

*

मोरी उघडूच नये, तळं बारमाही ठेवावं, ही गोष्ट सभेत पूर्वी एकदा निघाली होती. मीच मांडली होती. त्या दिवशी पाटावर पाळी निघाली ती हौसा कुंभाराची. पाळ्या लावायचं काम कॉम्रेडांकडे असे. हौसा म्हणजे गावातली सर्वांत गरीब गाय. कोणी काही विचारलं की “तुमचं होऊ द्या आधी” म्हणायची. पाण्याच्या रांगेत मागं सरकणारी, लग्नात शेवटच्या पंगतीला बसणारी. ती पाटावर बसली, पायांना वाळलेली माती तशीच, आणि बोलायला लागली तेव्हा सभा थक्क झाली. तिनं मला असं फैलावर घेतलं की माझा ठराव निम्मा झाला. होळीपर्यंत पाणी, मग माती, ही तडजोड त्या दिवशीची. सभा संपल्यावर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. “हौसा, काय वठवलंस गं!” ती पदर तोंडाला लावून हसली.

केंद्राच्या दारात उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, तिनं वठवलं नसेल तर?

ज्यांना एरवी कोणाला नाही म्हणता येत नाही, त्यांना पाट आडोसा देत होता. पाटावरचं आहे म्हणून ती माणसं मनातलं बोलत होती. कॉम्रेडांना हे ठाऊक असणार. म्हणून तर तळ्याच्या दिवशी नेमकी हौसाची पाळी लागली.

मी परत फिरले. “केतकी, हा निकाल थांबवता येतो का?”

“तुम्ही हरकत घेतली तर समेट पुन्हा बसेल आणि पुन्हा तोडगा देईल. बहुतेक हाच.” तिनं पडद्यावर नियम उघडले. “एक कलम आहे. आजवर कोणी वापरलं नाही. दोन जिवंत माणसांनी एकत्र येऊन नोंदवायचं की या विषयावर आमचं एकमेकांशी पटत नाही. मग समेटला बाजूला ठेवून माणसांची सभा लावावीच लागते.”

“एकट्यानं नाही चालत?”

“एकट्याचा मतभेद कोणाशी धरायचा, आजी?”

*

कुंभारआळीत हौसा अंगणात माती तुडवत होती. एकटीच. मला पाहून पाय धुतले, घोंगडी अंथरली.

“या ताई. लई दिसांनी.”

“हौसा, तळ्याचं कळलं ना?”

“कळलं की. चांगलं झालं. तुमच्या देवाला पाणी मिळंल.”

“आणि तुमची माती?”

“ट्रक येनार हाय म्हनं. दारात टाकून जानार. बरं हाय, उन्हात उतरायला नको.”

“तू मागं पाटावर बसून काय बोलली होतीस, आठवतं?”

तिनं मान खाली घातली. “ते पाटावरचं, ताई. ते कशाला काढता?”

“खरं होतं का ते?”

मी विचारत राहिले, ती चहा करायला उठली. मला तिची फार दया आली. मग मी, माझ्या मते मोठं मन करून, म्हटलं, “हौसा, तुला नको असेल तर मी तळ्याचा नाद सोडते. मला नको पाणी. नळाचं घालीन मी महादेवाला. आपण दोघी जाऊन सांगू, तळं नको म्हणून.”

हौसा वळली. चहाची गाळणी तिच्या हातात तशीच राहिली.

“का म्हनून सोडता?”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी? मी मागितलं व्हय तुमच्यापाशी?” तिचा आवाज चढला. मी तो आवाज ओळखला. “ट्रकबी मला न इचारता देनार, आन् तळंबी तुमी मला न इचारता सोडनार. मग तुमच्यात आन् त्या मशिनीत फरक काय वो, ताई?”

तिनं गाळणी खाली ठेवली.

“तळं आटलं की आमच्या आळीच्या बाया तळ्यात उतरत्यात,” ती म्हणाली. “सासरी गेलेल्या लेकी येत्यात माती काढाया. धा तोंडं, धा भांडनं, हसनं, गानी. वरसातनं तेवढाच आमचा सन. ट्रक दारात माती टाकंल, जिची तिच्या दारात. मग कोन कुनाकडं जाईल? आन् एखांद्या वरसाला न्हाई आला ट्रक, तर कुनाच्या दारात जाऊन भांडायचं? तळ्यापायी तुमच्या दारात तरी येता येतंय!”

“अगं, पण मग विहिरींचं काय? खालच्या आळीत मे महिन्यात बाया घागरी घेऊन—”

“नळ हाय की!”

“नळाला दिवसाआड पाणी! आणि झाडं? तळ्याकाठच्या चिंचा वाळत चालल्यात, दिसत नाही तुला? तुला तेवढी तुझी माती दिसते!”

“आन् तुमाला तेवढा तुमचा तांब्या!”

हे लागलं. फार लागलं. माझा तांब्या म्हणजे माझं सगळं आयुष्य आहे, आणि ते तिला माहीत होतं. मी उठून उभी राहिले. शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं असं काहीतरी ऐकायला.

माझ्या मनात आलं, आता निघून जावं. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की यजमान गेल्यापासून, कॉम्रेड गेल्यापासून, इतक्या जवळ येऊन माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. केतकी बोलते ते काळजीनं. मंजिरी बोलते ते फोनवर, प्रेमानं, घाईनं. हौसा माझ्याशी बोलत होती ती बरोबरीनं.

मी परत बसले.

“चहा उतू गेला,” मी म्हटलं.

“जाऊ द्या.” तीही बसली. मग मी तिला केंद्रातलं कलम सांगितलं. दोन जिवंत माणसं, समोरासमोर.

“म्या न्हाई सभेत बोलनार. पाट हुता म्हून बोलले. आता बोलले तर समदे म्हनतील, हौसा माजली.”

“म्हणू देत. मी असेन ना समोर.”

“तुमी समोर असाल, पन तुमी सोडून द्याल. तुमचा जीव हळवा. मी दोन शब्द बोलले की तुमी म्हनाल, जाऊ द्या, तिचं होऊ द्या. मग लोक म्हनतील, ताईनं दान दिलं कुंभारनीला.” तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. “मला दान नको. तुमी तुमच्या पान्यासाठी जीव तोडून भांडायचं. मी माझ्या मातीसाठी भांडीन. त्यातनं जे निघंल ते घिऊ दोघीबी. तेवढा शबुद देत असाल तर येते.”

मी आयुष्यात पुष्कळ व्रतं धरली. सोळा सोमवार केले, चातुर्मास केले. इतकं अवघड मागणं कोणी मागितलं नव्हतं. देवापुढं हार मानणं मला येतं. माणसासमोर पडतं घेणंही येतं, लोक त्याला चांगुलपणा म्हणतात. ज्याच्याबद्दल माया आहे त्याच्या विरुद्ध, त्याच्याच मानासाठी, आपलं म्हणणं शेवटपर्यंत लावून धरायचं, हे मला कॉम्रेडांशिवाय कोणाशी जमलं नव्हतं.

“दिला,” मी म्हटलं. “सगळं बोलीन. एक शब्द पोटात ठेवणार नाही. आणि तू बोलशील ते मधे न उठता ऐकीन.”

*

केंद्रात केतकीला कुठलं बटण दाबायचं ते सापडेना. नियमाप्रमाणे आम्हाला समोरासमोर बसवून तिनं विचारलं, “तुमचा मतभेद खरा आहे का?”

“खरा हाय,” हौसा म्हणाली. “हिला काय कळत न्हाई मातीतलं.”

“हिला पाण्यातलं कळत नाही,” मी म्हटलं.

केतकी हसू दाबत होती. यंत्रानं मात्र आम्हाला तीनदा मधला मार्ग सुचवला. अर्धं तळं, आलटून पालटून वर्षं, महादेवापुरता वेगळा हौद. तीनदा आम्ही नको म्हटलं. सुचवलेलं वाईट होतं असं नाही. त्यातला एखादा उद्या आम्ही घेऊही, पण आधी बोलायचं होतं. शेवटी पडद्यावर सभेची तारीख आली, अक्षय्य तृतीयेच्या आधीचा रविवार. निरोप गावभर गेला.

त्यानंतर काही जण मला रस्त्यात भेटले तेव्हा नजर चुकवून गेले. काहींनी थांबवून विचारलं, “ताई, झालं होतं ना तुमच्या मनासारखं? आता सुखाचा जीव दुःखात कशाला?” एकानं असंही म्हटलं, म्हातारपणी माणसाला लक्ष वेधून घ्यावंसं वाटतं. मंजिरीनं फोनवर विचारलं, “आई, तू हरलीस तर?”

“तर हरेन.”

“आणि जिंकलीस तर हौसामावशी बोलेल तुझ्याशी?”

मी फोन ठेवला आणि वाती वळायला बसले. हौसाही त्यानंतर आली नाही. तिनं फक्त आळीतल्या एका बाईबरोबर निरोप धाडला होता: “सभेला दोघी संगं नको जायला. लोकं म्हनतील, आधीच ठरवून आल्यात.”

सभा कशी होईल, किती माणसं येतील, हॉलमधल्या खुर्च्या तरी कोणी पुसल्या असतील का, मला माहीत नव्हतं. मी काय बोलायचं ते मनाशी जुळवत होते: आधी विहिरी, मग चिंचा, मग बगळे. माझ्या महादेवाचं सर्वांत शेवटी बोलायचं ठरवलं. आणि मग ठरवलं, नाही, शब्द दिलाय, तेच सगळ्यांत आधी आणि मोठ्यानं बोलायचं. हौसा त्यावर काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि ते लागेल हेही माहीत होतं.

रविवारी सकाळी जप आटोपला. निरंजन शांत झालं तसं देवघराचं दार लोटलं. पांढरं लुगडं नेसले होते ते बदललं, सभेला पूर्वी नेसायचे ते जांभळं काढलं. घडीला कपाटातला वास लागला होता. काठी घेतली, चष्मा घेतला, कुलूप लावलं.

कुंभारआळीवरून गेलं तर पंचायत जवळ पडते. मी शाळेकडच्या लांबच्या वाटेनं चालू लागले.